दत्तरावापेक्षा वीतभर मोठं घर

ताडकळस,
बाजाराच्या दुसऱ्या दिवशी

तीर्थस्वरूप साडूभाऊ राधाकिशनराव यांना धाकटा साडू बन्सीधर याचा वाकून नमस्कार.

तुमची बीपीची गोळी सकाळच्या सकाळी पोटात जात असेल, छबूआक्कांचा खांदा शेकून शेकून मोकळा झाला असेल आणि उन्हाळ्याच्या या टोकालाही तुमच्या बोअरला पाणी टिकून असेल, असं मी इथं बसून धरून चालतो. (टिकलं नसेल तर वाईट वाटेल. टिकलं असेल तर जरा जास्त वाईट वाटेल, कारण आमचं आटलंय. तुम्ही घरचेच आहात म्हणून खरं ते लिहिलं.) गेल्या पंधरा दिवसांपासून तुमच्याकडं जी पाहुणी उतरली आहे, तिचीही प्रकृती उत्तम असेल. तिचं नाव मी लिहीत नाही. बहिणीच्या घरी माणूस राहिलं की प्रकृती उत्तमच असते, असं ऐकून आहे.

आजच्या दिवसात कुणी पत्र लिहितं का, असं तुम्ही म्हणाल. तुमच्या मोबाईलवर मी नऊ वेळा फोन केला. नऊही वेळा तो तिनंच उचलला आणि 'कोन बोलायलाव?' असं विचारून ठेवून दिला. एकतीस वर्षं ज्याच्या ताटात भाकर वाढली त्याला हा प्रश्न. म्हणून शेवटी पाकीट आणलं. पाकिटावर मुद्दाम 'पीक विम्याचे कागद' असं लिहिलंय, म्हणजे पार्वती ते उघडणार नाही. (बघा, नाव लिहून गेलो.) तिची बाजू तुम्ही पंधरा दिवस दोन्ही वेळच्या जेवणाबरोबर ऐकली असेल. आता माझी एकदाच ऐका आणि मग न्याय करा.

सगळ्याचं मूळ दत्तराव. माझा सख्खा चुलतभाऊ, समोरासमोर घरं, मधे फक्त बैलगाडी जाईल एवढा रस्ता. तो माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे आणि उभ्या जन्मात माझ्यापेक्षा एक पाऊल पुढं आहे. मी हळद लावली त्या वर्षी त्याची हळद जास्त पिवळी निघाली. मी मिशा ठेवल्या, त्या त्याला शोभल्या. स्वभावानं तो वाईट असता तर माझं काम कितीतरी सोपं झालं असतं. पण गोड बोलतो, अडीनडीला सगळ्यांच्या आधी धावून येतो, आमच्या लेकीच्या, भक्तीच्या लग्नात तर नांदेडच्या वऱ्हाडाला पाणी देत तो सारा दिवस उभा होता. अशा माणसाचा हेवा करायचा म्हणजे फार मेहनत पडते. ती मी मनापासून घेतो.

तर त्यानं घर बांधलं. परभणीच्या राजनंदिनी नावाच्या एका आर्किटेक्ट बाईंकडून आखून घेतलं आणि माघात वास्तुशांत केली. तुम्हाला तुमच्याकडच्या एका लग्नामुळं येता आलं नाही, ते एका अर्थी बरंच झालं. सहा पायऱ्यांचं उंच जोतं, पुढच्या दारातून आलेला वारा मागच्या दारापर्यंत विचारपूस करत जातो, भिंती अशा की आत गेलं की बाहेरचं ऊन विसरावं. पूर्णेचे पाहुणे पायऱ्यांवर बसून फोटो काढत होते. पार्वती त्या पायऱ्या चढताना तिसरीवर गुडघ्याला हात लावून थांबली. मला वाटलं घराकडं बघत थांबली, आणि मला त्याचाही राग आला.

आता एक गोष्ट कबूल करतो, ती आक्कांना सांगू नका. वास्तुशांतीला मी सदऱ्याच्या आत कमरेला दोन कासरे गुंडाळून गेलो होतो. अंबाडीचे, मी स्वतः वळलेले. (अख्ख्या गावानं आता नायलॉनचे कासरे घेतलेत. मी घेत नाही, कारण नायलॉन पहिल्यांदा दत्तरावानं आणला. तेवढा एक घेतला असता तर आज हे पत्र लिहायची पाळी आली नसती.) पोट पुढं दिसत असल्यामुळं चार जणांनी 'तब्येत सुधारली' म्हणून कौतुकही केलं. पंगत बसली, बैठक रिकामी झाली, तसा मी आत शिरून दोन्ही कासरे जोडले आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजून खोलीगणिक गाठ मारत चाललो. बैठकीची एक गाठ, स्वैपाकघराच्या दोन, देवघराची बारकी. शेवटी बैठकीच्या कोपऱ्यात मी गुडघ्यावर बसलेलो, हातात कासरा, आणि दारात दत्तरावाची बायको कस्तुराबाई बुंदीचं पातेलं घेऊन उभी. मी म्हणालो, बैल सुटलाय. तिनं शांतपणे विचारलं, "बैठकीत?"

पुढचं विचारू नका. भली बाई, तिनं हाकाटी केली. अर्धी पंगत हात धुऊन माझा बैल शोधायला रानात गेली. बैल आमच्या गोठ्यात रवंथ करत सापडला आणि दत्तरावानं स्वतः त्याला नैवेद्याची पोळी चारली. सगळे म्हणाले, दत्तरावाचं मन किती मोठं. बैल माझा, बदनामी माझी आणि मन मोठं त्याचं.

घरी येऊन मी एकेक गाठ सोडली आणि वीतभर पुढं सरकवून पुन्हा बांधली. म्हणजे आमच्या घराच्या बाजूच्या मोकळ्या जागेत जे घर उठेल, त्याची प्रत्येक खोली दत्तरावाच्या खोलीहून वीतभर मोठी. हा झाला माझा नकाशा. आता तो कागदावर उतरवणारा माणूस तेवढा निवडायचा होता. पार्वतीचं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच होतं. त्याच बाईंकडं जा, तिनं बायकांना विचारून स्वैपाकघर केलंय. मी तिला समजावलं की ज्या हातानं दत्तरावाचं घर काढलं, त्या हाताचं आपण घेतलं तर ते उष्टं झालं. शिवाय त्या बाईंचं सगळ्यात चांगलं घर तर काढून झालेलं, आता आपल्याला उरलंसुरलं मिळणार. (यावर ती म्हणाली, मग गावातल्या डॉक्टरकडंही दत्तरावाच्या आधीच जात जा, नाहीतर तोही उष्टा होईल. तिच्या बोलण्याला कधीकधी ताळतंत्र नसतो.)

मी आधी परभणीतच दुसऱ्या एकाला गाठलं. पोरगा हुशार, समोर भला मोठा कंप्यूटर. त्यानं दोन बटणं दाबली आणि पडद्यावर आमचं घर उभं केलं. साडूभाऊ, काय ते घर! दारात लाल गाडी, दोन्ही बाजूंना नारळासारखी झाडं, आणि गच्चीवर काळा चष्मा लावलेली एक गोरी बाई कठड्याला रेलून उभी. मी विचारलं, ही कोण? तो म्हणाला, ती अशीच असते. मी विचारलं, बैल कुठं बांधायचे, तुरी कुठं वाळवायच्या, भक्ती बाळंतपणाला आली तर शेक-शेगडी कुठं करायची? त्यानं गच्चीवरच्या बाईला जरा बाजूला सरकवलं आणि म्हणाला, इथं करा. एवढंही मी चालवून घेतलं असतं. पण बोलता बोलता तो म्हणाला की तो आणि राजनंदिनी एकाच वर्गात होते, ती पहिली यायची आणि हा तिच्याच वह्या उतरवून पास झाला. मी चहा अर्धा ठेवून उठलो. पहिल्या नंबरानं दत्तरावाचं घर काढायचं आणि वह्या उतरवणाऱ्यानं माझं, हे माझ्यानं सहन झालं नसतं.

दुसरे गृहस्थ पूर्णेचे. छत्तीस वर्षं रेल्वेत काढून रिटायर झालेले, आता वास्तू बघतात आणि नकाशेही काढतात. माणूस मोठा वक्तशीर. मी दोन मिनिटं उशिरा पोचलो तर त्यांनी घड्याळ दाखवलं. मला काय हवं ते मी सांगितलं, त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, जोतं दत्तरावाच्या जोत्यापेक्षा एक फूट उंच घेऊ. बस्स. त्या क्षणी मी त्यांना घर देऊन टाकलं. मोजमापासाठी मी गाठींचा कासरा दिला, त्यांनी तो टेबलावर ताणून गाठीन्‌गाठ उतरवून घेतली. आठ दिवसांनी नकाशा आला. सगळ्या खोल्या एका ओळीत, एकीमागं एक, आणि बाजूनं या टोकापासून त्या टोकापर्यंत लांबच लांब बोळ. स्वैपाकघर शेवटी, संडास दोन्ही टोकांना. मला कळलं की बिचाऱ्यानं जन्मभर जे बघितलं तेच काढलंय. पण एक फुटाच्या आनंदात मी तो तसाच घरी आणला. पार्वतीनं नकाशा उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, माझ्या चुलीपाशी खिडकी कुठंय? मी म्हणालो, खिडकीचं नंतर बघू, आधी उंची बघ.

अक्षय तृतीयेला आखणी. बांधकाम घेतलेला गुत्तेदार आला, मिस्त्री आला, दोऱ्या ताणल्या, जमिनीवर पांढरी फक्की मारली. मी नवीन धोतर नेसून उभा. भावकी जमलेली. दत्तरावही आला, नारळ घेऊन आला (नारळ माझ्यापेक्षा मोठा होता). फक्कीच्या रेघांत त्यानं एक चक्कर मारली, दोनदा पावलं टाकून पाहिली आणि माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "दादा, खोल्या जरा बारक्या पडायल्यात का? माझा टेप आनू?"

टेप आला. त्याची बैठक चौदा फूट. माझी, वीतभर वाढवलेली, भरली तेरा फूट आठ इंच. स्वैपाकघर कमी, देवघर कमी, प्रत्येक खोली दत्तरावाच्या खोलीपेक्षा दोन-चार बोटं कमीच. मिस्त्री म्हणाला, रेघा मारल्या की खोली बारकीच वाटते. पण टेपला काय वाटायचंय! माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. मी ओरडलो, कासरा कुणी धुतला?

धुतला होता पार्वतीनं. वास्तुशांतीच्या दिवशी त्याला बुंदीचा पाक लागला, मुंग्या झाल्या, म्हणून तिनं तो उकळत्या पाण्यात सोडा घालून खळखळून काढला आणि वाळवून खुंटीला लावला. मी गाठी सरकवल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी. अंबाडी पाणी प्याली की आखडते, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मलाही माहीत आहे. पण तिनं धुतला हे मला माहीत नव्हतं. (तिचं म्हणणं, तिनं मला विचारलं होतं आणि मी 'हूं' म्हणालो होतो. तेव्हा मी दत्तरावाच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीकडं बघत होतो. टाकी निळी आहे.) त्या भर भावकीत मी तिला बोललो. काय बोललो ते लिहीत नाही, तुम्ही पंधरा दिवसांत पाठ केलं असेल. ती काही रडली नाही, भांडली नाही. फक्कीच्या रेघेच्या बाहेर उभं राहून एवढंच म्हणाली, "घर तुमी दत्तराव भावजींच्या घरासाठी बांधायलाव. मंग ऱ्हायला बी त्यायलाच बोलवा." आणि दुपारच्या एसटीनं परभणी, तिथून जिंतूर.

तेव्हापासून काम बंद आहे. फक्की वाऱ्यानं उडून गेली, गुत्तेदार दुसऱ्या गावी गेला. मी इकडं मजेत आहे. स्वैपाक स्वतः करतो. भाकरी गोल येत नाही, पण पोटात गेल्यावर आकार कोण बघतं! फक्त एक नवीन गोष्ट ध्यानात आली. आमच्या पत्र्याच्या घरात चुलीपाशी उभं राहिलं की समोर काळी भिंत दिसते. बाकी काही दिसत नाही. दारात कोण आलं, गाय सुटली का, आभाळ आलं का, काहीही नाही. मी पंधरा दिवसांत त्या भिंतीला कंटाळलो. तिनं एकतीस वर्षं बघितली. परवा भक्तीनं मोबाईलवर एक फोटो पाठवला. तुमच्या जिंतूरच्या स्वैपाकघरातल्या खिडकीशी पार्वती चहाचा कप घेऊन उभी आहे आणि हसते आहे. साडूभाऊ, रागावू नका, पण मला तुमच्या खिडकीचा इतका हेवा वाटला की त्या दिवशी दत्तरावाकडं बघायचंसुद्धा राहून गेलं.

तरी माझा निश्चय ठाम आहे. त्या राजनंदिनीबाईंच्या दारात मी मेलो तरी जाणार नाही, हे पार्वतीला मुद्दाम सांगावं. तिला परत यायचं असेल तर येईल, नसेल तर तुमचं घर मोठं आहेच. आक्कांना नमस्कार, नातवंडांच्या पाठीवरून माझा हात फिरवावा. बैल तुमची आठवण काढतो.

तुमचा,
बन्सीधर

ता. क. पत्र टाकायचं राहिलं, तेवढ्यात सोमवारी त्या बाईंकडं जाऊन आलो. वर लिहिलेलं खोडलं असतं, पण पानाची शोभा जाते. वयानं आपल्या भक्तीएवढीच आहे. मी तासभर बोललो, ती सगळं वहीत लिहून घेत होती. जोतं, बैठक, टाकी, वारा, कुठलाही तपशील मी सोडला नाही. माझं झाल्यावर तिनं वही बंद केली आणि म्हणाली, "काका, हे सगळं दत्तरावकाकांच्या घराबद्दल झालं. आता तुमच्या घरात कोण राहतं ते सांगा." मग तिनं विचारलं, काकू सकाळी किती वाजता उठतात, भाजी निवडायला कुठं बसतात, दुपारी पाठ कुठं टेकतात. मी म्हणालो, माझ्या आधी उठते, आणि बसते-टेकते ते घरातच कुठंतरी. शेवटी म्हणाली, ओट्यासाठी काकूंच्या कोपरापासून जमिनीपर्यंतची उंची हवी. मी हवेत हात धरून दाखवला, मग जरा खाली घेतला, मग वर. ती हसली नाही, म्हणून मला जास्त लाज वाटली. दत्तरावाची बैठक मला बोटाबोटानं पाठ आहे, आणि बायको किती उंच ते हवेत शोधतोय.

ता. क. दुसरी. घरी येऊन शोधलं. तिची कुंकवाची आरशी भिंतीला आहे, कडेला टिकल्या चिकटवलेल्या. तिच्यात बघितलं तर मला माझी हनुवटी दिसली. गुडघे वाकवून खाली झालो, तेव्हा कुठं डोळे दिसले. तिथं पेन्सिलनं खूण केली आहे. म्हणजे डोळ्यांपर्यंतची उंची मिळाली, कोपर राहिलं. कोपराचं माप आरशीवरून निघत नाही आणि फोनवर ती देणार नाही. तेव्हा हात जोडून विनंती की येत्या रविवारी तिला घेऊन तुम्ही उभयतां या. राजनंदिनीबाई येणार आहेत. टेप त्यांचा आहे, कासरा मी बैलाला बांधून टाकलाय. खिडकी चुलीपाशीच धरली आहे. उजेड आणि वारा रस्त्याच्याच बाजूनं येतो, म्हणून ती तिकडं काढावी लागते, आणि तिच्यातून दत्तरावाचं घर जोत्यापासून टाकीपर्यंत पूर्ण दिसतं. बाईंनी विचारलं, चालेल का? मी म्हणालो, खिडकी तिची आहे, तिला चालेल.

ता. क. तिसरी, आणि ही तेवढी पार्वतीला वाचून दाखवा. बाईंनी विचारलं, पायऱ्या किती? मी सातच म्हणणार होतो, तोंड उघडलंही होतं. पण एकदम पार्वती दत्तरावाच्या तिसऱ्या पायरीवर गुडघा धरून थांबलेली आठवली. ती घराकडं बघत नव्हती. आपल्या घराला तीन पायऱ्या धरल्या आहेत, तिसरीला थांबायचं म्हटलं तर ती दारातच असेल.

(दत्तरावाला मात्र अजून सातच सांगितल्या आहेत.)